पाचशेत धारदार!

हिवाळ्यात बुलढाण्याकडे तंबू घेऊन निघालात? मग चाकूचा हिशोब आधी करा. काय घ्यायचं, कुठून घ्यायचं आणि कुठे अजिबात न्यायचं नाही!

कॅम्पिंगचा प्लॅन ठरला की ग्रुपमध्ये एक जण असतोच. गाडी कुणाची, तंबू कुणाचा, सुट्टी कुणाला मिळतेय, हे ठरायच्या आत तो चाकूचा फोटो टाकून मोकळा होतो. काळंकुट्ट पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र. किंमत काही हजार, पण 'आजच्या दिवस' डिस्काउंट. खाली कॅप्शन: जंगलात जायचं तर एवढं पाहिजेच ना बॉस!

पाहिजेच का? उत्तर द्यायच्या आधी जरा बघू या, की बुलढाण्यात कॅम्पिंग म्हणजे नेमकं करायचं काय.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये रस्ता थेट मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. त्यामुळे हा जिल्हा अचानक 'वीकेण्ड'च्या टप्प्यात आला. मेहकरला खाली उतरलात की लोणार जवळच. रेल्वेने येणाऱ्यांना मलकापूर, नांदुरा, शेगाव आहेतच. वरच्या अंगाला अजिंठ्याच्या डोंगररांगा, बोथ्याचं जंगल. मुक्काम मात्र बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतात. ग्रुपमधल्या एकाचे मामा मेहकरचे किंवा चिखलीचे निघतात, विहिरीजवळची मोकळी जागा मिळते, आणि तंबू ठोकून व्हायच्या आत मामी विचारतात, "किती जण आहात रे पोरांनो? रोडगे करू का?"

इथला रात्रीचा मेनू पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी नाहीतर पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. ज्वारी भरली असेल तर हुर्डा. म्हणजे आपण ज्याला 'आउटडोअर कुकिंग' म्हणून टी-शर्टवर छापतो, ते इथे देवाच्या नावाने आणि पाहुण्यांच्या निमित्ताने केव्हापासून चालू आहे.

आता यात चाकूला काम काय? डझनभर वांगी, दोन किलो कांदे, लसूण, मिरच्या, कोथिंबीर. सकाळी चहासोबत ब्रेड, टोमॅटो, काकडी. मध्येच नायलॉनची दोरी कापायची, दुधाची पिशवी फोडायची, तंबूची खुंटी मोडली तर काठीला टोक काढायचं. संपली यादी. जाळायला पऱ्हाट्या आणि तुराट्या असतात. त्या वाळल्या की गुडघ्यावर कडाकडा मोडतात, त्यांना कुऱ्हाड लागत नाही. हुर्ड्याला तर चाकू लागतच नाही, कणसं भाजून हातावर चोळायची. थोडक्यात, तुमच्या चाकूचा खरा शत्रू कांदा आहे, बिबट्या नव्हे.

रॅम्बोचे नातेवाईक

मग ते करवतीचे दात आणि होकायंत्र आलं कुठून? 'फर्स्ट ब्लड' हा सिनेमा १९८२चा. त्यातल्या रॅम्बोच्या हातातला तो भलामोठा चाकू जगभरातल्या पोरांच्या डोक्यात बसला आणि तेव्हापासून त्याच्या स्वस्त नकला निघताहेत. त्यातल्या बऱ्याचशांची मूठ पोकळ असते. आत काडेपेटी, गळ, दोरा वगैरे खजिना. ऐकायला भारी! पण मूठ पोकळ म्हणजे पात्याचं लोखंड मुठीत जेमतेम बोटभर शिरलेलं. जरा जोर लावून लाकूड फोडायला गेलात की पातं एकीकडे आणि मूठ दुसरीकडे. स्वस्त चाकूवरच्या त्या दातांनीही धड लाकूड कापलं जात नाही, म्यान मात्र फाटतं. आणि एवढ्या जाड पात्याने टोमॅटो कापला तर तो कापला जात नाही, चेंगरतो.

दुसरा मोह 'दमास्कस'चा. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. खरं दमास्कस म्हणून आज जे विकलं जातं, त्यात दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून जोडलेले असतात, आणि ती मेहनत स्वस्तात होत नाही. काहीशे रुपयांत नक्षी मिळत असेल तर ती बहुधा वरून उमटवलेली आहे. खिडकीच्या पडद्यावर शोभेल, चाकूवर काय कामाची?

तिसरा प्रकार मला स्वतःला आवडतो, पण तो बजेटवाल्यांचा नाही. फ्रान्सचा ओपिनेल, स्वीडनचा मोरा, स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स. ओपिनेल १८९० पासून बनतो. लाकडी मूठ, घडीचं पातं, आणि १९५५ पासून मानेजवळ फिरणारी एक कडी, जी पातं लॉक करते. जगभरचे ट्रेकर हे चाकू वापरतात आणि मजा म्हणजे ते सगळे दिसायला अगदी साधे आहेत. दात नाहीत, काळा रंग नाही, पातं तीन-चार इंचांचं. कुणी परदेशातून आणून देत असेल तर नाही म्हणू नका. नसेल तर त्यांच्याकडून फक्त माप उचलायचं: साडेतीन ते साडेचार इंच, पातळ पातं, भरीव मूठ. एवढंच शोधायचंय.

स्टेनलेस की साधं लोखंड?

स्टेनलेस म्हणजे ज्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम आहे असं पोलाद. गंज लवकर धरत नाही, लिंबू-चिंचेला घाबरत नाही. स्वस्त स्टेनलेस जरा मऊ असतं, त्यामुळे धार लवकर जाते, पण तितकीच लवकर परतही लावता येते. साध्या पोलादात, म्हणजे कार्बन स्टीलमध्ये, धार मस्त येते आणि टिकते. फक्त ओलं ठेवलं की रात्रीत तांबूस डाग. कांदा, लिंबू कापलं की पातं काळपट पडतं. घाबरू नका, तो गंज नाही आणि खरवडायचाही नाही. पुसून कोरडं केलं की झालं.

दोन दिवसांच्या ट्रिपला जाणारे, भांडी 'सकाळी बघू' म्हणून तशीच टाकणारे, अशा सगळ्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावं. त्यासाठी स्पोर्ट्सच्या दुकानात जायचीही गरज नाही. भांड्यांच्या दुकानात भाजी कापायची सुरी शंभराच्या आसपास मिळते. घेताना चार गोष्टी बघायच्या. खिशात छोटं लोहचुंबक न्या, फ्रिजवरचंही चालेल. पातं त्याला चिकटलं नाही तर ती सुरी खाली ठेवा. ते चमच्या-वाट्यांचं स्टील आहे, ते तापवून कडक करता येत नाही आणि त्याला धार टिकत नाही. दुसरं, सुरी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून पाठीच्या रेषेत बघा. वाकडी असेल तर लगेच कळतं. (दुकानदार हसेल. हसू दे.) तिसरं, मुठीत लोखंड कुठपर्यंत गेलंय ते पाहा. मुठीच्या कडेला लोखंडाची पट्टी शेवटपर्यंत दिसत असेल आणि दोन-तीन रिव्हेटा ठोकलेल्या असतील तर उत्तम. चौथं, हात ओला करून धरून बघा. थंडीत, अंधारात, तेलकट हातात ती सटकणार तर नाही?

घडीचा चाकू घ्यायचा हट्टच असेल तर लॉक असलेलाच घ्या. बिनलॉकचं पातं टोकावर दाब पडला की मिटतं, आणि मिटताना मध्ये आपलीच बोटं असतात.

घिसाड्याच्या भात्यापाशी

आता खरी मजा. बुलढाणा जिल्ह्यात जाताच आहात तर वाटेत एखादा आठवडी बाजार गाठा. तिथे एका कडेला भाता, ऐरण आणि समोर मांडलेले विळे, खुरपी, कुऱ्हाडी दिसतील. हे घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बायको घण मारते, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याने आयुष्यात जिम फक्त एसीत पाहिलीय.

यांच्याकडचं बरंच लोखंड ट्रकच्या कमानपाट्याचं असतं. कमानपाटा म्हणजे गाडीखालची स्प्रिंग. त्यात साधारण अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर कार्बन असतो, वर्षानुवर्षं दणके खाऊन न तुटण्यासाठीच ते पोलाद बनवलेलं असतं. म्हणून त्याचा विळा सहसा तडकत नाही. तापवून लाल केलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करतात. याला म्हणायचं 'पाणी पाजणं'. नंतर ते पुन्हा थोडं तापवून उतरवावं लागतं, नाहीतर पातं काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ राहतं. अख्खी कारागिरी या दोन पायऱ्यांत आहे आणि ती लोहाराच्या डोळ्यात असते. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून तो ठरवतो.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही काय विचारायचं? "भाऊ, हे कमानपाट्याचं आहे का? पाणी पाजलंय ना?" एवढं विचारलंत की समोरचा तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. मग कानस मागा. धारेच्या कडेवर कानस हलकेच फिरवली आणि ती घसरली, तर पातं कडक आहे. कानस लगेच लोखंड ओरबाडायला लागली तर मऊ. आणि मावशींना सांगून मूठ आपल्या हाताच्या मापाची बसवून घ्या. छोटं खुरपं, विळा, सुरी यातलं काहीही दीडशे-दोनशेच्या घरात बसतं. घासाघीस करू नका, असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाने ते तुमच्यासमोर ठोकलं, त्याच्याशी वीस रुपयांवरून हुज्जत घालायची आणि परत जाताना कॉफीला अडीचशे मोजायचे, हे काही बरोबर दिसत नाही.

खुरपं का? तंबूभोवती पाण्याचा चर काढायला, चूल खणायला, आणि सकाळी लांब जाऊन जो खड्डा करावा लागतो त्यालाही. ही कामं चाकूने केलीत तर त्या चाकूने नंतर टोमॅटो कापायची तुमची हिंमत आहे का?

मोठा कोयता मात्र विकत घेऊ नका. काम काहीच नाही आणि ताप भरपूर. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास 'कोयता गँग' हा शब्द पेपरात रोज वाचावा लागत होता, हे आठवा. बॅगेतून कोयत्याचं टोक बाहेर काढून हायवेच्या ढाब्यावर उतरलेला पंचवीस वर्षांचा मुलगा पोलिसांना 'हायकर' वाटेलच याची खात्री नाही.

विळीला हसू नका

आठ-दहा जणांचा स्वयंपाक असेल तर माझं मत ऐका आणि घडीची विळी न्या. जमिनीवर बसून कापायला विळीसारखं दुसरं साधन नाही. चॉपिंग बोर्ड लागत नाही, दोन्ही हात मोकळे, पायाने पाट दाबला की ती हलत नाही. चाकूने डोळ्यांतून पाणी काढत अर्धा तास चालणारं कांद्याचं काम आईच्या पिढीतली कुणीही बाई विळीवर गप्पा मारत दहा मिनिटांत उडवते. अडचण एकच. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांना ती वापरता येत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना खाली बसता येत नाही. जमत असेल त्यानेच हात लावावा, आणि काम झालं की पातं लगेच मिटवायचं. अंधारात उघडी राहिलेली विळी ही कॅम्पवरची सगळ्यांत धोकादायक वस्तू.

घरी आजी सुरी हातात देत नाही, खाली ठेवते आणि म्हणते उचल. म्हणे हातात दिली की भांडण होतं. भांडणाचं माहीत नाही, पण शेकोटीच्या उजेडात हा नियम शंभर टक्के पाळा.

गेटवर काय कराल?

हा भाग नीट वाचा, कारण इथे प्रश्न धारेचा नाही, केसचा आहे.

ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही बुलढाणा जिल्ह्यातली तिन्ही ठिकाणं अभयारण्यं आहेत. हो, लोणारचं विवरसुद्धा. २००० पासून ते वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळाचा दर्जाही मिळाला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. 'शस्त्र' म्हणजे काय, याची याच कायद्यात व्याख्या आहे आणि तिच्यात बंदूक, धनुष्यबाण, सापळे यांच्या रांगेत चाकू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. इंचांची अट नाही, 'भाजीचा असेल तर चालेल' अशी सूटही नाही. कायदा मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२२च्या दुरुस्तीआधी हा दंड पंचवीस हजार होता. शिवाय अभयारण्यात आग लावायलाही बंदी आहे, म्हणजे आत चूल पेटवून भरीत हा विषयच संपला.

म्हणून साधा नियम: सफारीला किंवा विवरात उतरायला निघताना चाकू, विळी, खुरपं, मल्टिटूल सगळं मुक्कामाच्या जागी ठेवून जायचं. किल्लीच्या जुडग्याला लटकवलेला छोटा चाकूही आठवणीने काढा. आत जे खायचं ते आधीच कापून डब्यात न्या.

'पण मग अस्वल आलं तर?' हा प्रश्न येणारच. ज्ञानगंगेच्या दोनशे पाच चौरस किलोमीटरमध्ये अस्वलं आहेत, बिबटे आहेत. २०१९ मध्ये तर टिपेश्वरचा एक कॉलर लावलेला तरुण वाघ तेराशे किलोमीटर चालत इथे येऊन राहिला होता. यातल्या कुणाहीसमोर चार इंची पातं काढून तुमचं काही भलं होणार नाही. अस्वलापासून वाचायचं तर पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने झाडीत जायचं नाही, बोलत चालायचं, टॉर्च न्यायचा. गावातले लोक हेच करतात.

सापाच्या बाबतीतही चाकू खिशातच राहू दे. चावलेल्या जागी चिरा देऊन 'विष काढायचं' हा सिनेमातला प्रकार आहे. त्याने विष निघत नाही, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र होतो. घोणस चावली असेल तर आधीच रक्त गोठत नसतं. त्यात चिरा म्हणजे कहर. आवळपट्टी बांधू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्यात गाठता येईल तितक्या लवकर पोहोचा. शेतमालकाला आल्या आल्या विचारून ठेवा, जवळचा सरकारी दवाखाना कुठला.

अभयारण्याबाहेरचा कायदा जरा सैल आहे, पण आहे. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं वेगळ्या गटात येतात. घरगुती आणि शेतीकामाच्या अवजारांना त्यातून वगळलंय. शिवाय सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगणंही महागात पडू शकतं. तेव्हा सुरी कमरेला नाही, खिशात नाही. कापडात गुंडाळून, भांड्यांच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत. विमानाने छत्रपती संभाजीनगरला उतरणार असाल तर चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये नाही.

धार कशी लावायची

बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त कापतो. फक्त भाजी नाही, बोटं. कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. त्यामुळे पाचशेतले शेवटचे शंभर-दीडशे धारेच्या दगडासाठी राखून ठेवा. एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत असा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

कोन कसा धरायचा? पातं दगडावर काटकोनात उभं करा. त्याच्या निम्मं झुकवा. आणखी निम्मं झुकवा. झाला वीस-बावीस अंशांचा कोन. आता जणू दगडावरून पातळ पापुद्रा काढताय अशा बेताने पातं पुढे सरकवा, दोन्ही बाजूंना सारखेच हात. आधी खरखरीत बाजू, मग गुळगुळीत. जुना पेपर उभा धरून कापून बघा. न फाटता सरळ चिरला गेला की थांबा. दगड घरी राहिला तर चिनी मातीचा मग उलटा करा. बुडाची खडबडीत कड वेळ निभावून नेते.

दारावर सायकल घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडून विळी-सुरी लावून घेता येते, पण त्याला म्हणावं, "दादा, हळू, आणि मध्ये मध्ये पाण्यात बुडवा." फिरत्या चाकावर पातं तापून निळं पडलं की त्या जागचं पाणी उतरलं, म्हणजे तिथला कडकपणा गेला. मग ती सुरी कितीही वेळा पाजवा, त्या जागी धार टिकणार नाही.

घरी आल्यावर सुरी धुऊन, पुसून, लोखंडी असेल तर पात्याला थेंबभर खोबरेल चोळून ठेवा. कातडी म्यानात कायमची ठेवू नका, कातडं ओल धरून ठेवतं आणि पातं गंजतं. जाड पुठ्ठा पात्यावर दुमडून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली तरी उत्तम म्यान तयार होतं. फुकट!